हिरवळीचा शिल्पकार आणि त्याचे येणे

दरवर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा या शहराकडे जगभरच्या क्रीडाप्रेमींचे लक्ष लागते. ‘मास्टर्स’ या नावाने प्रसिद्ध असलेली गोल्फची स्पर्धा तेथे भरते. विजेत्याच्या अंगावर हिरवा कोट चढविला जातो, त्याची छायाचित्रे देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकतात आणि त्याला मिळालेल्या बक्षिसाचा आकडा वाचून सामान्य माणूस तोंडात बोट घालतो. ज्या भूमीवर हे सारे घडते ती भूमी मात्र निसर्गानेच आयती बहाल केली असावी, अशा समजुतीने पाहिली जाते. तेथले उंचवटे आणि उतार, झाडांच्या रांगांमधून वळत जाणारे हिरवे पट्टे, वाळूचे खड्डे आणि पाण्याचे प्रवाह यांची योजना कोणा माणसाने केली असेल, हे फार थोड्यांच्या मनात येते.

ती योजना करणाऱ्याचे नाव डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी. ऑगस्टाच्या मैदानावरील पहिली स्पर्धा मार्च १९३४ मध्ये झाली. तिच्या आधी अवघे अडीच महिने, ६ जानेवारी १९३४ रोजी, कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे त्यांचे निधन झाले होते. पूर्ण झालेले मैदान त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. आणि त्या कामाच्या मोबदल्यातील मोठा भाग त्यांच्या पदरी कधीच पडला नाही.

गोल्फ हा खेळ आपल्याकडील शिक्षकाच्या, कारकुनाच्या किंवा विद्यार्थ्याच्या आयुष्यात क्वचितच डोकावतो. तरीही या माणसाच्या कारकिर्दीत असे दोन प्रश्न गुंतलेले आहेत, की ते कोणत्याही समाजाला टाळता येऊ नयेत. पहिला प्रश्न, जी गोष्ट सर्वांसाठी रचावयाची ती रचताना बलवानाचा विचार आधी करावा की दुबळ्याचा? आणि दुसरा, ज्याचे कौशल्य दिसू नये यातच त्याचे यश असते, त्याचे श्रेय आणि त्याची मजुरी यांची काळजी कोणी वाहावयाची?

मैदान ‘रचावे’ लागते

क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची; ती मुंबईत असो वा मेलबर्नमध्ये. टेनिसचे अंगण, हॉकीचे मैदान, फुटबॉलचे गोलखांब, सर्वांची मापे नियमांनी बांधलेली आहेत. गोल्फचे तसे नाही. तेथे मापाने बांधलेले असते ते केवळ चेंडू ज्यात पडावयाचा ते सव्वाचार इंच व्यासाचे भोक. ते कोठे असावे, फटका कोठून सुरू व्हावा, मधले अंतर दीडशे यार्डांचे असावे की पाचशे, वाट सरळ असावी की वाकडी, वाळूचा खड्डा उजवीकडे असावा की डावीकडे, हे सर्व त्या त्या जागेचा रचनाकार ठरवितो. अशा अठरा वाटा मिळून एक मैदान सिद्ध होते. म्हणजे येथे मैदान हे केवळ खेळाचे स्थळ नव्हे, तर खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धीच म्हणावयास हवे. आणि त्या प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव घडविणे हे रचनाकाराचे काम होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे काम बहुधा नावाजलेल्या खेळाडूंकडे जात असे. ते एखाद्या दुपारी यावेत, काठ्या रोवून जागा दाखवाव्यात आणि गाडी पकडून परत जावेत, असा शिरस्ता होता. या फावल्या वेळच्या कामाला अभ्यासाचे आणि विचाराचे अधिष्ठान देऊन त्याचा स्वतंत्र व्यवसाय ज्या थोड्या लोकांनी केला, त्यांत मॅकेन्झी यांचे स्थान फार वरचे आहे. विशेष हे, की ते स्वतः काही मोठे खेळाडू नव्हते.

डॉक्टरकीतून मैदानाकडे

मॅकेन्झी यांचा जन्म १८७० साली इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील नॉर्मंटन येथे, मूळच्या स्कॉटिश घराण्यात झाला. केंब्रिज विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि लीड्स शहराच्या परिसरात डॉक्टरकी केली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ते लष्करी शल्यचिकित्सक म्हणून गेले. तेथे त्यांना एक गोष्ट दिसली. बोअर शेतकऱ्यांचे तुटपुंजे सैन्य बलाढ्य ब्रिटिश फौजेला दीर्घकाळ झुंजवीत होते, ते जमिनीचा उपयोग करण्याच्या कौशल्यामुळे. त्यांचे खंदक आसपासच्या भूमीत असे मिसळून गेलेले असत, की जवळ येईतो शत्रूला त्यांचा पत्ता लागत नसे. माणसाने केलेले बांधकाम निसर्गनिर्मित वाटावे, ही कल्पना या तरुण डॉक्टरच्या मनात रणभूमीवर रुजली. पहिल्या महायुद्धात त्यांनी शत्रूच्या नजरेपासून खंदक आणि ठाणी दडविण्याच्या याच विद्येचे काम ब्रिटिश सैन्यासाठी केले. आणि शांततेच्या काळात तीच विद्या त्यांनी हिरवळीवर आणली.

१९०७ साली लीड्सजवळ अलवुडली येथे क्लब स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांपैकी मॅकेन्झी हे एक होते आणि तेथल्या मैदानाची आखणीही त्यांनी केली. त्यांच्या चढउतारांच्या हिरवळी त्या काळच्या चालीरीतींना सोडून होत्या, त्यामुळे सहकाऱ्यांच्या मनात शंका उत्पन्न झाली. म्हणून हॅरी कोल्ट या अनुभवी रचनाकाराला सल्ल्यासाठी बोलाविण्यात आले. कोल्ट यांनी नवशिक्या डॉक्टरच्या बाजूने कौल दिला. पुढे हे दोघे काही काळ व्यवसायात भागीदारही झाले.

१९१४ साली ‘कंट्री लाइफ’ या नियतकालिकाने दोन फटक्यांत हिरवळ गाठता येईल अशा आदर्श वाटेच्या आराखड्याची स्पर्धा जाहीर केली. मॅकेन्झी यांचा आराखडा पहिला आला. त्याचे वैशिष्ट्य असे, की हिरवळीपर्यंत पोहोचण्यासाठी त्यात एक नव्हे तर पाच मार्ग ठेवलेले होते. ज्याच्या मनगटात बळ आहे त्याने धोका पत्करून जवळच्या मार्गाने जावे. ज्याच्या ठायी ते नाही त्याने लांबच्या, पण निर्धोक मार्गाने एक फटका अधिक घेऊन पोहोचावे. ही वाट न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील लिडो येथे प्रत्यक्षात बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मूळ मैदान नाहीसे झाले. परंतु त्या आराखड्यातील विचार मात्र टिकून राहिला.

दुबळ्याचा विचार

१९२० साली मॅकेन्झी यांचे मैदानरचनेवरील छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. मैदानाची बांधणी आणि निगराणी यांतील काटकसर हा विषय त्यांनी पुस्तकाच्या उपशीर्षकातच घातला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या पुस्तकात त्यांनी आदर्श मैदानाची तेरा तत्त्वे मांडली. प्रत्येक वाटेला स्वतःचे व्यक्तित्व असावे, एका हिरवळीवरून पुढच्या आरंभस्थानी जाण्यास फार चालावे लागू नये, हरवलेला चेंडू शोधण्याचा जाच नसावा, कृत्रिम रचना नैसर्गिक रचनेहून वेगळी ओळखू येऊ नये, अशी ती तत्त्वे आहेत. परंतु त्यांतली दोन एकमेकांशेजारी ठेवून वाचावयास हवीत. एक असे, की मैदान इतके चित्तवेधक असावे की निष्णात खेळाडूलाही आपला खेळ सुधारण्याची सतत ओढ लागावी; दुसरे असे, की फटक्यांची संख्या कितीही वाढली तरी अगदी नवशिक्यालाही आपल्या फेरीत आनंद वाटावा.

वरवर पाहता ही दोन्ही एकमेकांच्या विरोधी वाटतात. कठीण करावे तर दुबळा खचतो, सोपे करावे तर बलवान कंटाळतो. बहुतेक रचनाकारांनी या पेचातून सोपी सुटका करून घेतली: प्रत्येक चुकीला शिक्षा ठेवावी, खड्ड्यांची संख्या वाढवावी आणि जो तरेल तो खरा, असे मानावे. मॅकेन्झी यांनी हा मार्ग नाकारला. कठीणपणा वाढविणे म्हणजे गुणवत्ता वाढविणे नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. आडव्या खड्ड्यांनी दुबळ्या खेळाडूचा छळ होतो आणि बलवान तर त्यांवरून सहज चेंडू मारून जातो. म्हणजे अशी शिक्षा नेमकी चुकीच्या माणसाला होते. यास्तव त्यांनी वाटा रुंद ठेवल्या, खड्डे थोडे पण मोक्याच्या जागी योजले आणि निवडीचा अधिकार खेळाडूच्या हाती दिला.

हा धडा त्यांनी घेतला तो स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानापासून. समुद्राकाठच्या वालुकामय माळावर शतकानुशतके खेळता खेळता घडत गेलेल्या या मैदानाचे बारकाईने मोजमाप करून मॅकेन्झी यांनी तयार केलेला १९२४ सालचा नकाशा आजही त्या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. ज्याला नवे घडवावयाचे आहे त्याने आधी जुने बारकाईने वाचले पाहिजे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकाला यातील मर्म चटकन उमगेल. ज्या प्रश्नपत्रिकेत निम्मा वर्ग पहिल्या प्रश्नालाच अडखळून पडतो ती कठीण असेल, पण चांगली नव्हे. ज्या प्रश्नपत्रिकेत बेताच्या विद्यार्थ्यालाही काही तरी लिहिल्याचे समाधान मिळते आणि हुशार विद्यार्थ्याला शेवटच्या मिनिटापर्यंत डोके खाजवावे लागते, ती काढावयास खरी विद्वत्ता लागते. पाठ्यपुस्तके, सरकारी अर्जांचे नमुने, रेल्वेस्थानकांचे जिने, दवाखान्यांच्या वाटा या साऱ्यांनाही हीच कसोटी लावता येईल. धडधाकट, सुशिक्षित आणि माहीतगार माणूस कोठूनही मार्ग काढतो. रचनेची परीक्षा होते ती उरलेल्यांच्या वाट्याला काय येते यावरून.

लपविलेले हात

१९२६ साली मॅकेन्झी ऑस्ट्रेलियास गेले. तेथील वास्तव्य थोडक्या आठवड्यांचे. परंतु रॉयल मेलबर्न क्लबच्या पश्चिम मैदानाची त्यांनी केलेली आखणी आजही जगातील सर्वोत्तम रचनांत गणली जाते. ती प्रत्यक्षात उतरविली अ‍ॅलेक्स रसेल या खेळाडूने आणि मिक मॉर्कम या हिरवळ राखणाऱ्या कुशल कर्मचाऱ्याने. १९३१ साली मैदान खुले झाले, तेव्हा मॅकेन्झी हजारो मैल दूर होते. त्यांची कारकीर्द अशीच घडत गेली. ते आले, त्यांनी जमीन वाचली, आराखडा दिला, योग्य माणसे शोधली आणि पुढच्या गावी गेले.

कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट हे १९२८ साली खुले झालेले मैदान त्यांच्या कलेचे शिखर समजले जाते. त्याची सोळावी वाट विशेष प्रसिद्ध आहे. तेथे चेंडू समुद्राच्या खाडीवरून पलीकडच्या कड्यावर मारावा लागतो. आणि ज्याला ते साधणार नाही त्याच्यासाठी डावीकडून निर्धोक वाटही आहे. या वाटेची प्रशंसा होऊ लागली तेव्हा मॅकेन्झी यांनी तिचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही. ही कल्पना मॅरियन हॉलिन्स यांच्या दूरदृष्टीची आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. हॉलिन्स या १९२१ सालच्या अमेरिकन महिला विजेत्या. सांताक्रूझ येथील पासाटिएम्पो मैदानाचे काम मॅकेन्झी यांना त्यांनीच दिले होते. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देणाऱ्या या माणसाच्या वाट्याला स्वतःचे येणेही पुरते येऊ नये, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

ऑगस्टाचे काम त्यांना मिळाले ते बॉबी जोन्स या थोर खेळाडूमुळे. १९२९ साली कॅलिफोर्नियात आलेल्या जोन्स यांनी सायप्रस पॉइंट आणि पासाटिएम्पो ही मैदाने पाहिली, आणि आपल्या स्वप्नातील मैदानासाठी हाच माणूस हवा, अशी त्यांची खात्री पटली. फळझाडांच्या जुन्या रोपवाटिकेच्या ३६५ एकर जागेवर ते उभे राहिले. त्यात वाळूचे खड्डे अवघे बावीस होते. परंतु काळ मोठा बिकट होता. १९२९ च्या आर्थिक पडझडीनंतर अमेरिकेत बँका कोसळत होत्या. क्लबच्या चालकांनी १,८०० सभासदांची अपेक्षा धरली होती; प्रारंभीच्या वर्षांत शंभरही मिळाले नाहीत. मॅकेन्झी यांचे मानधन १०,००० डॉलर ठरले होते. मंदीमुळे ते ५,००० वर आणण्यास त्यांनी संमती दिली. क्लबच्या इतिहासकारांच्या नोंदीप्रमाणे प्रत्यक्षात त्यांच्या हाती पडले ते २,००० डॉलर. उरलेल्या रकमेसाठी त्यांना पत्रांमागून पत्रे लिहावी लागली, आणि ती पत्रे लिहीत असतानाच त्यांचे आयुष्य संपले. १९३४ सालच्या पहिल्या स्पर्धेतील बक्षिसांची एकूण रक्कम होती ५,००० डॉलर. म्हणजे चार दिवस त्या भूमीवर खेळणाऱ्यांसाठी जेवढा पैसा जाहीर झाला, तेवढाच ती भूमी घडविणाऱ्याचा घटविलेला मोबदला होता. आणि तोही पुरता दिला गेला नाही.

येथे क्लबच्या चालकांना केवळ दोष देऊन भागणार नाही. ते स्वतःच कर्जाच्या गर्तेत होते, आणि थकलेले देणे त्या काळी साऱ्या अमेरिकेचीच अवस्था होती. विचार करावयाचा तो क्रमाचा. पैसा अपुरा असतो तेव्हा कोणाचे देणे आधी थांबते? ज्याचे काम डोळ्यांसमोर चालू आहे त्याचे थांबत नाही. खेळाडू उद्या येणार नाही, या भीतीने त्याचेही थांबत नाही. थांबते ते त्याचे, ज्याचे काम पूर्ण होऊन गेले आहे आणि ज्याची आता गरज उरलेली नाही. आराखडा एकदा जमिनीत उतरला, की तो परत नेता येत नाही. मॅकेन्झी यांनी तर आपल्या हातांच्या खुणा पुसून टाकण्यातच कृतार्थता मानली होती. ज्या मैदानाला निसर्गाची करणी समजले जाते, त्याच्या कर्त्याचे बिल कोणाला आठवणार?

मूठभरांचा खेळ?

यावर असा आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे, की हा सारा खटाटोप शेवटी कोणासाठी? गोल्फला शेकडो एकर जमीन लागते, अपरंपार पाणी लागते. भारतात हा खेळ ब्रिटिशांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. तेव्हापासून तो बहुशः क्लबांच्या आणि छावण्यांच्या कुंपणाआडच राहिला. जेथे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलभर जावे लागते, तेथे हिरवळीचे कौतुक कानाला बोचणारच. खुद्द ऑगस्टाचा इतिहास तरी काय सांगतो? तेथे ली एल्डर हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू स्पर्धेत उतरला तो १९७५ साली. पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला गेला तो १९९० साली. आणि स्त्रियांना सभासदत्व मिळाले ते २०१२ साली. १९८२ पर्यंत मात्र स्पर्धेत खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे क्लबचे सारे मदतनीस कृष्णवर्णीयच असत. दुबळ्या खेळाडूसाठी रुंद ठेवलेल्या वाटेच्या फाटकावर दुबळ्या माणसाला अडविले जावे, यापरता विरोधाभास तो कोणता?

हा आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की या खेळाला कुंपण जन्मतः चिकटलेले नाही. सेंट अँड्र्यूजचा माळ हा सार्वजनिक आहे. १९७४ च्या कायद्यान्वये त्याचा कारभार विश्वस्त मंडळाकडे आहे, आणि रविवारी जुने मैदान खेळासाठी एरव्ही बंद ठेवून गावकऱ्यांना फिरावयास मोकळे असते. स्वतः मॅकेन्झी यांनीही सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी शार्प पार्क हे सार्वजनिक मैदान आखले. ते १९३२ साली खुले झाले. ज्याच्या खिशात क्लबची वर्गणी नाही, अशा माणसाला थोर रचनाकाराच्या मैदानावर खेळण्याची संधी त्याने दिली. दुसरी अशी, की त्या सार्वजनिक मैदानाच्याही वाट्याला वाद आलाच. तेथल्या पाणथळीत दुर्मिळ जातीचे साप आणि बेडूक राहतात, म्हणून पर्यावरणरक्षक संघटनांनी २०११ साली न्यायालयाचे दार ठोठावले. म्हणजे भूमीचे वाटप कोणाला, किती आणि कशासाठी, हा प्रश्न सुंदर रचनेने सुटत नाही. तो रचनाकाराने नव्हे, समाजाने सोडवावयाचा असतो. रचनाकार वाट रुंद करू शकतो. फाटक उघडणे त्याच्या हाती नसते. मॅकेन्झी यांच्या गुणांचे माप घेताना फाटकावरच्या पहारेकऱ्याचे पाप त्यांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. आणि त्यांच्या गुणांच्या आड ते पाप झाकणे हेही न्यायाचे नव्हे.

हिशेब उघडा हवा

मृत्यूनंतर मॅकेन्झी यांची कीर्ती वाढत गेली. त्यांचे दुसरे पुस्तक त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. त्याचे हस्तलिखित अनेक दशकांनी सापडले आणि १९९५ साली ते प्रसिद्ध झाले. ऑगस्टाचे मैदान मात्र बदलत गेले. वाळूचे खड्डे बावीसांचे दुप्पट झाले, लांबी साडेसात हजार यार्डांच्या पलीकडे गेली. आधुनिक काठ्या आणि चेंडू यांच्यापुढे बलवानाला अडविण्याची ही धडपड आहे. तिच्यामागची अपरिहार्यता समजण्याजोगी असली, तरी ज्या रचनेचा पाया काटकसर आणि संयम हा होता, तिच्यावर खर्चाचे आणि खड्ड्यांचे थर चढावेत, यात एक प्रकारचे विस्मरण आहेच.

समाजात अशी असंख्य कामे चालतात, की ती उत्तम झाली असता कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. नळाला वेळेवर पाणी येते तेव्हा वाहिनी आखणारा आठवत नाही. वेळापत्रक सुरळीत चालते तेव्हा ते जुळविणारा कारकून आठवत नाही. मूल सहजपणे वाचू लागते तेव्हा अक्षरांचा क्रम ठरविणारा शिक्षक आठवत नाही. बिघाड झाला तरच त्यांची नावे विचारली जातात, आणि तीही दोष देण्यासाठी. मॅकेन्झी यांची कारकीर्द या साऱ्या मंडळींची प्रातिनिधिक कथा आहे. ज्याची कला स्वतःला झाकून घेण्यात आहे, त्याच्या श्रमाचा हिशेब इतरांनी उघड्यावर ठेवावयास हवा. त्याचे नाव नोंदवावे, त्याचे येणे वेळेवर द्यावे आणि त्याने कोणासाठी वाट रुंद केली होती ते विसरू नये. एवढे केले तरी पुरे आहे. पुतळे उभारण्याची गरज नाही. जे येणे १९३४ साली राहून गेले ते आता कोणी फेडू शकणार नाही. पण तसेच येणे आज ज्यांचे थकलेले आहे, अशी माणसे प्रत्येक गावात, प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक शाळेत आहेत.